अ‍ॅटनबरो, एक कृमी आणि आपण



लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जिनमंदिर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. जुन्या चर्चच्या वास्तूत ते उभं राहिलं आणि १९८८मध्ये तिथे प्रतिष्ठा झाली. डेव्हिड अ‍ॅटनबरो याच गावात वाढले. जन्म १९२६चा, वडील तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य. ‘गांधी’ चित्रपट काढणारे रिचर्ड हे त्यांचे थोरले भाऊ.

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला न्यूट, म्हणजे पालीसारखे दिसणारे पाणजीव हवे होते. छोट्या डेव्हिडने ते नगाला तीन पेन्सप्रमाणे पुरवले. आणले कुठून? विभागाच्या शेजारच्याच तळ्यातून! आम्हा कॉमर्सवाल्यांना हा नफा फार आवडतो. त्या जिवांचं पुढे काय झालं असेल, ते मात्र मनात आणवत नाही.

१९५२मध्ये ते बीबीसीत लागले. १९५४च्या ‘झू क्वेस्ट’मध्ये दूरदूरचे प्राणी पकडून लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी आणत. ते मला मुळीच रुचत नाही. पुढे बीबीसी टूचे प्रमुख झाले, ब्रिटनमध्ये रंगीत प्रसारण आणलं, आणि १९७३मध्ये मोठी खुर्ची सोडून पुन्हा रानात गेले. १९७९च्या ‘लाइफ ऑन अर्थ’मध्ये रवांडातल्या गोरिलांमध्ये ते बसलेत, ना पिंजरा ना दोर. तिथे मला ते आपले वाटले.

लोक त्यांना पत्रं लिहून विचारत, एवढ्या सुंदर सृष्टीचं श्रेय तुम्ही ईश्वराला का देत नाही? त्यावर ते आफ्रिकेतल्या एका लहान मुलाचं उदाहरण देतात. त्याच्या डोळ्यात कृमी शिरलाय, तो मुलाला आंधळं करणार. हा कृमीही दयाळू ईश्वरानेच घडवला का?

आपण जैन सृष्टीचा कर्ता मानतच नाही, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला अडत नाही, असं आधी वाटलं. पण मग तो मुलगा? ‘पूर्वकर्माचा उदय’ हे उत्तर मला पाठ आहे. त्याच्या आईसमोर ते उच्चारायला माझी जीभ रेटणार नाही. स्वतःचं दुखणं सोसताना कर्म आठवावं; दुसऱ्याच्या दुखण्यापुढे औषध न्यावं, एवढंच मला कळतं. औषधाने कृमी मरेल, तोही जीवच. म्हणून तर गृहस्थाचं व्रत अणुव्रत आहे, महाव्रत नाही.

२०१८च्या ‘डायनॅस्टीज’ मालिकेत, ज्याचं निवेदन अ‍ॅटनबरोंचं आहे, पेंग्विन पिल्लांसह बर्फाच्या घळीत अडकतात. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, हा चित्रीकरण करणाऱ्यांचा नियम. तरी त्या मंडळींनी फावड्याने उतार खणला, आणि बाजूला झाले. पेंग्विन आपापल्या पायांनी वर आले.