आमच्या नदीकांठीं याल तर

दूरचीं शहरें पाहून आलेल्या मंडळींचीं प्रवासवर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु आपल्याच गांवीं पाहुणा आला म्हणजे त्यास काय दाखवावें, या प्रश्नास आपल्यापैकीं बहुतेकांपाशीं उत्तर नसतें. शिरूरकर म्हणतो, "आमच्याकडे पाहण्यासारखें काय आहे? रांजणगांवचा गणपति करा आणि पुढें नगरला जा." दौंडकर तर पाहुण्यास स्टेशनावरच निरोप देतो. हीं दोन्ही गांवें नद्यांच्या कांठीं वसलेलीं. शिरूरचें तर दुसरें नांवच घोडनदी. असें असतां पाहुण्यास नदीवर नेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं, याचें मला नेहमीं नवल वाटतें. सुट्टींत पाहुण्यांस हिंडविण्याचें काम बहुधा घरांतील विद्यार्थ्यांवर पडतें. म्हणून हे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठीं.

शिरूरास पाहुणा एस. टी. तून उतरला कीं त्यास बाजारांत न नेतां आधीं पुलावर न्यावें. अलीकडे पुणें जिल्हा, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा, आणि मध्यें घोड. ही नदी सह्याद्रींत उगम पावते, डिंभें धरणांत अडते, वाटेंत कुकडीस पोटांत घेते आणि शिरूरच्या खालीं चिंचणीजवळच्या धरणांत पुन्हां विसावते. तेथून सुटली कीं ती भीमेस मिळते. म्हणजे शिरूरच्या पुलाखालचें पाणीच पुढें दौंडावरून जातें. दोन गांवांचें हें नातें दोन्ही गांवांतील फार थोड्यांस ठाऊक आहे. उन्हाळ्यांत पाहुण्यानें "नदी कोठें आहे?" असें विचारल्यास रागावूं नये. वरच्या धरणाच्या दारांवर आतां तिचें वाहणें अवलंबून असतें, आणि वाळूच्या उपशानें पात्राची कळाहि पुष्कळ गेली आहे.

पुलावरून परततांना जुन्या छावणीची गोष्ट सांगावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांचें लष्कर असे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टॉन्टन याची तुकडी येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशीं भीमेच्या कांठीं कोरेगांवास लढली. त्या तुकडींत महार शिपाई पुष्कळ होते. तेथील स्तंभास डॉ. आंबेडकरांनीं १ जानेवारी १९२७ रोजीं भेट दिली, आणि आज दर वर्षीं त्या दिवशीं तेथें लाखों लोक जमतात. कोरेगांवची गोष्ट पुष्कळांस माहीत असते. ती पावलें शिरूरहून निघालीं हें मात्र पाहुण्यास आपणच सांगावें लागतें.

याच छावणींत १८०९ सालीं कर्नल वॉलेस नांवाचा अधिकारी वारला. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत त्याच्या थडग्याविषयीं एक विलक्षण नोंद आहे. आसपासचे शेतकरी सुगीच्या वेळीं पहिलें धान्य तेथें नैवेद्य म्हणून आणीत आणि त्यास सत्पुरुष मानीत! कोणी यांत लाचारी पाहील. मला तसें वाटत नाहीं. परक्या मुलखांतून येऊन आपल्या मातींत निजलेल्या माणसास आमच्या शेतकऱ्यानें आपल्या हिशेबानें आपलेंसें करून घेतलें, इतकेंच. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशननें येथें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाची औद्योगिक शाळा चालविली होती. पुस्तकाबरोबर हातास काम शिकविण्याचा विचार या लहानशा गांवांत इतक्या लवकर रुजला होता, हें आपल्या शाळेच्या मुलांनीं तरी विसरूं नये.

एक सबंध दिवस हातीं असेल तर तो निघोजास द्यावा. कुकडीच्या एका कांठावर पारनेर तालुक्यांतील निघोज, दुसऱ्या कांठावर आमच्या तालुक्यांतील टाकळी हाजी. मध्यें काळ्या कातळांत नदीनें कोरलेले रांजणखळगे. पुराच्या पाण्याबरोबर आलेले गोटे कातळाच्या लहान खांचेंत अडकतात आणि भोंवऱ्यांत गरगर फिरत राहतात. हजारों वर्षें असें घासतां घासतां त्या खांचेचा रांजण होतो. कांहीं रांजणांच्या तळाशीं ते गोटे अजूनहि दिसतात, जणूं कारागीर हत्यार तेथेंच टाकून जेवावयास गेला आहे! पावसाळ्यांत येथें मुलांस नेऊं नये. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यांत जावें, आणि तेव्हांहि शेवाळलेल्या कडांपासून दूर राहावें. रांजणांत पडलेल्यास वर येणें कठीण असतें.

आतां दौंड. येथें १८५८ सालीं आगगाडी आली, १८७८ त मनमाडचा फांटा निघाला, १९१४ त बारामतीची लहान गाडी सुरू झाली; तेव्हांपासून गांवाचें तोंड रुळांकडे आणि पाठ भीमेकडे. पाहुण्यास एक गोष्ट आधींच कळवावी: पुणें-मनमाड मार्गावरील कांहीं गाड्या आतां जंक्शनांत न येतां कॉर्ड लाईन स्टेशनावर थांबतात. जंक्शनावर हार घेऊन उभें राहण्यांत अर्थ नाहीं.

दौंडाहून सिद्धटेकास अवश्य जावें. पूर्वीं शिरापूरच्या कांठावरून होडींत बसून भीमा ओलांडावी लागे. आतां पूल झाला आहे. अहिल्याबाई होळकरांनीं बांधविलेल्या देवळाची टेकडी पलीकडच्या तीरावर दिसूं लागते, तेव्हां क्षणभर थांबून खालच्या पाण्याकडे पाहावें. हेंच पाणी पुढें पंढरपुरास चंद्रभागा म्हणून डोक्यावर घेतलें जातें. परंतु येथें पोहोंचण्यापूर्वींच, रांजणगांव सांडसजवळ, भीमेस मुळा-मुठा मिळते, आणि पुण्याचें सांडपाणी, ज्याचा कांहीं भाग प्रक्रियेवांचूनच सोडला जातो, बरोबर घेऊन येते. जलपर्णीचे हिरवे गालिचे दुरून सुंदर दिसतात. पाहुणा त्यांची वाखाणणी करूं लागला तर खरें काय तें त्यास सांगावें. नदी दाखवावयाची तर तिची लाजहि दाखविली पाहिजे, असें माझें मत आहे. घरांतील वडील मंडळींस तें रुचत नाहीं.

ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन नांवाचें शहर नदीच्या वळणांवर वसलें आहे. तेथील रहिवासी पाहुण्यास नौकेंत बसवून नदींतूनच शहर दाखवितात. १९९६ पासून त्यासाठीं वेगवान प्रवासी बोटी आहेत. ती नदी कांहीं गरीब गाय नव्हे: १९७४, २०११ आणि २०२२ सालीं तिनें शहराचे मोठे भाग बुडविले. तरी तेथील लोकांनीं तिच्याकडे पाठ फिरविली नाहीं. तेथें स्थायिक झालेलें एक ओळखीचें मराठी कुटुंब मागें इकडे आलें असतां मीं त्यांस दौंडच्या कांठावर नेलें. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा बराच वेळ पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला,

"काका, यांत कोणी पोहत कां नाहीं? आमच्या नदींत शार्क मासे आहेत, म्हणून आम्ही उतरत नाहीं. तुमच्या नदींत काय आहे?"

"आम्ही आहों," मीं उत्तर दिलें.

तो हंसला नाहीं. माझ्या वडिलांच्या पिढीचीं मुलें याच पाण्यांत पोहावयास शिकलीं, हें मीं त्यास सांगितलें. त्यास तें खरें वाटलें कीं नाहीं, कोण जाणे. निघतांना त्यानें कांठावरचे दोन काळे गुळगुळीत गोटे उचलले आणि हे विमानांतून नेऊं देतील का, असें आईस विचारलें. माती लागलेली नसेल तर नेऊं देतात, ती म्हणाली. ते गोटे आम्हीं घरीं आणून नळाखालीं धुतले.