हळकुंडे, जाते आणि आमच्या आक्का

मार्च महिना लागला की आमच्या काकतीच्या घरी चटणीची बोलणी सुरू होतात. संकेश्वरी मिरची किती, ब्याडगी किती, कांडपाला कुठल्या गिरणीत जायचे... मिरचीबद्दल घरात प्रत्येकाला मत असते. हळदीबद्दल मात्र एकट्या आक्कांचेच मत चालते.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेला आणि माहेरी आल्या त्या कायमच्याच. आता वय ऐंशीच्या पुढे. पण हळकुंडांची पिशवी घरात आली की चष्मा पुसून पुढे सरसावतात. एकेक हळकुंड कानाजवळ नेऊन मोडतात. कट्टकन आवाज आला पाहिजे. मऊ लागले तर वाळवण कमी पडली म्हणायचे. मोडलेल्या जागी आत केशरी दिसले पाहिजे आणि वास नाकात चढला पाहिजे. वरून फारच चकचकीत, पिवळेधमक दिसले की त्या बाजूला टाकतात. “लग्नाला नटून आल्यागत दिसतंय, नको ते!”

आपल्या भागाला हळद काही लांबून यावी लागत नाही. रायबाग, चिकोडीकडे ती पिकते आणि विकायला बहुतेक सांगलीला जाते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मला त्याहून अप्रूप वाटते ते हरिपूरच्या पेवांचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या त्या गावात जमिनीत खोल पेवे खणून त्यात हळद वर्षानुवर्षे साठवत. पेव उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणूस उतरवत नसत. २००५ च्या महापुरात यातल्या पुष्कळ पेवांची दैना झाली आणि आता गोदामांचे दिवस आले.

शेतातली हळद थेट डब्यात येत नाही, हे शहरातल्या मुलींना सांगावे लागते. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढायची, शिजवायची, पंधरा-एक दिवस उन्हात वाळवायची, मग ढोलात घालून घासायची. ओली शंभर किलो असेल तर हाती वीस-पंचवीस किलो येते. आणखी एक गंमत, हळदीला बी धरत नाही. गड्डाच जमिनीत पुरायचा. म्हणजे आज आपल्या फोडणीत पडणारी हळद कुणीतरी कुणाच्या तरी हातात गड्डा दिला म्हणून इथवर आली आहे. हरयाणात फरमाणा येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत एका भांड्यावर आणि माणसाच्या दातांवर हळद-आल्याचे अंश सापडले आहेत. तेव्हाही कुणी आक्का असणारच!

चकचकीत हळकुंडाबद्दलचा त्यांचा संशय किती खरा आहे, हे मला अलीकडे वाचनातून समजले. बांगलादेशात हळकुंडाला झळाळी यावी म्हणून घासताना शिसे असलेला पिवळा रंग, लेड क्रोमेट, लावत असत. २०१९ साली संशोधकांनी हे उघडकीला आणले आणि सरकारने कडक तपासणी केल्यावर दोनच वर्षांत बाजारातली ती भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टी पूड घेतलीत तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून पाहा. चांगली हळद खाली बसताना पाण्याला फिकट पिवळेपण येते. पाणी गडद पिवळे झाले तर ती पूड स्वयंपाकात नको. सगळ्यात उत्तम म्हणजे हळकुंडे आणून फोडून दळणे. हे काम जड आहे, मान्य. आमच्याकडे आक्का हळकुंडे उखळात फोडून जात्यावर दळत; आता फोडून गिरणीत देतो.

औषधाचे म्हणाल तर आक्कांचे शास्त्र आटोपशीर आहे. बोट कापले, हळद दाब. घसा धरला, मिठाच्या कोमट पाण्यात चिमूटभर हळद घालून गुळण्या. खोकला असेल तर दूध-हळद, पण त्यात मिरी आणि तुपाचा थेंब पाहिजेच. मुका मार लागला तर आंबेहळद उगाळून लेप. ती आपल्या हळदीची जातभाई. यातल्या मिरीचे मला नेहमी नवल वाटे. हळदीतला गुणकारी पिवळा घटक म्हणजे कर्क्युमिन. तो युरोपात १८१५ साली प्रथम वेगळा काढला. हळदीत तो साधारण दोन ते पाच टक्केच असतो आणि पोटातून रक्तात फारसा उतरत नाही. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात दिसून आले की मिरीतला पायपरीन सोबत दिला तर माणसाच्या रक्तात तो वीसपट जास्त उतरतो. आक्कांना हे सांगितले तर म्हणाल्या, “मग एवढी वर्सं काय करत हुते ते?”

त्याआधी अमेरिकेत एक भलतेच घडले होते. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले. बत्तीस लेखी पुरावे दिले. त्यात जुने ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. घराघरातल्या म्हाताऱ्यांची साक्ष तिथे चालत नाही, कागद लागतो. तो सापडला हे नशीब.

मात्र अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारेही हल्ली पुष्कळ झाले आहेत. हळदीने कर्करोग पळतो, मधुमेह जातो, असे छातीठोक सांगणाऱ्यांपासून जरा दूरच बसावे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी आजवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन स्पष्ट लिहिले की कर्क्युमिन औषध म्हणून ठामपणे सिद्ध झालेले नाही. त्यानंतर २०२३ साली थायलंडमध्ये अपचनाच्या दोनशे सहा रुग्णांवर झालेल्या चाचणीत ते आम्लपित्ताच्या नेहमीच्या गोळीइतकेच उपयोगी पडल्याचे दिसले. एवढाच हिशेब धरावा. दाट अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, पित्ताशयात खडे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्या घेऊ नयेत. खोल जखमेत हळद कोंबून घरी बसू नये, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. आमटीतल्या हळदीला मात्र कुणाची हरकत नाही.

आता जे लिहायला बसले ते. खरे कुंकू हळदीचेच असते. हळदीला चुन्यासारखा क्षार लागला की ती लाल होते. पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग साबण लावताच कसा लाल होतो, तेच. करमाळ्याजवळचे केम गाव तर कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. आक्कांनी पन्नास वर्षे घरादाराची हळद दळली. गल्लीतल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या अंगाला लागली ती त्यांच्याच जात्यावरची. पण हळद लावायच्या वेळी आक्का मागच्या सोप्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू, आक्कांना कुठलेच बोलावणे नाही. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा मात्र तो कोणाच्या कपाळावर पडतो हे कुणी पाहत नाही. देवीला चालते, मग माणसांनाच काय होते?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेल्यावर बायकोचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तसे करायला सांगितले. हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. पण परिपत्रक महाराष्ट्राचे आणि आमचे गाव कर्नाटकात. रूढी मात्र सीमा विचारत नाही, ती दोन्हीकडे तीच!

पुढच्याच वर्षी पुतणीचे लग्न निघाले. ती म्हणाली, “आक्काआजी, पहिली हळद तूच लावायचीस.” आक्का तिच्यावरच उखडल्या, “खुळी काय गं तू? माझ्यापायी तुझ्या सासरी बोल नको.” जाऊबाई काही बोलल्या नाहीत. हळदीच्या सकाळी पोर मांडवातल्या पाटावर बसायच्या आधी सरळ परसात गेली. आक्का जाते पुसत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत पिवळे. तिने तो हात धरला आणि आपल्या दोन्ही गालांवरून फिरवला. आक्कांनी हात ओढून घेतला खरा, पण गाल पुसला नाही. मांडवात कुजबुज झाली. नात्यातल्या दोघी न जेवताच निघाल्या. त्यातली एक वेशीपासून परत आली आणि जेवून गेली.

त्यानंतरच्या संक्रांतीला आम्ही जावांनी गल्लीतल्या चार विधवा बायकांनाही हळदीकुंकवाचे बोलावणे दिले. दोघी आल्या, दोघींच्या घरच्यांनी पाठवले नाही. आक्कांना खुर्चीवर बसवून मी करंडा पुढे केला. त्या म्हणाल्या, “कुंकू ऱ्हाऊ दे, हळद लाव.” लावली. मग करंड्यातली चिमूटभर बोटांत चोळून त्यांनी नाकाशी नेली आणि सगळ्यांदेखत विचारले, “ही गेल्या सालातली नव्हं?”