प्रवाळासाठी पंप निवडताना

समुद्री टाकीसाठी पंप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, टाकी किती लिटरची? माझी 250 लिटरची आहे, म्युनिकच्या घरात, बैठकीच्या खोलीत. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या 10 ते 20 पट पाणी फिरलेलं पुरतं, अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना 40 पट किंवा त्याहूनही जास्त लागतं, असा हौशी लोकांचा ठोकताळा आहे. म्हणजे मला तासाला निदान 10,000 लिटर हवे होते. तेवढं पाणी एकच दणकट पंपही फेकतो. तरी मी तो घेतला नाही.

प्रवाळ जागचा हलत नाही. त्याच्या अंगालगत पाण्याचा एक अगदी पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो आणि प्राणवायू, अन्न, मळ यांची सगळी ये-जा त्या थरातूनच होते. पाणी खेळतं राहिलं की हा थर आणखी पातळ होतो. उजेडात प्रवाळाच्या पेशींतली शैवालं भरपूर प्राणवायू तयार करतात. तो वाहून गेला नाही तर त्याचाच अपाय होतो. 1998 साली समुद्र तापून ओकिनावाचे प्रवाळ पांढरे पडले, तेव्हा कोणते तगले आणि कोणते गेले यात पाण्याच्या वेगाचाही वाटा होता, असं संशोधकांनी पुढे दाखवलं. हे वाचल्यापासून पंपाकडे मी प्रवाळाचा श्वास म्हणूनच पाहतो.

मग प्रश्न उरतो तो पाणी कसं वाहतं याचा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून मी प्रवाळ पाहिले आहेत. (भारतात त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते काढायचे नसतात, माझ्या टाकीतले तुकडे इथल्याच हौशी लोकांच्या टाक्यांत वाढलेले.) तिथे लाट पुढे ढकलते, लगेच मागे ओढते. एका मोठ्या पंपाची धार मात्र एकाच जागी सतत आदळते. युफिलिया प्रवाळाची मऊ बोटं तिच्यासमोर सोलून निघतात, खालची वाळू उडते आणि खडकामागे पाणी साचलेलंच राहतं.

मोटर काचेबाहेर ठेवणारे पंप मला मनापासून आवडले. पाण्यात वायर नाही, मोटरची उष्णताही बाहेरच. पण मोटर खोलीत आली की तिचा आवाजही खोलीत येतो. लांबट फिरत्या दांड्याचे, पाण्याची रुंद चादर सोडणारे पंप लांब टाकीत सुरेख चालतात. त्यांचे सुटे भाग घासत बसण्याची माझी तयारी नव्हती. शेवटी म्युनिकच्या दक्षिणेला पेन्झबर्गमध्ये असलेल्या टुन्झे कंपनीचे दोन छोटे पंप घेतले, प्रत्येकी तासाला 5,500 लिटरपर्यंतचे. दोघांचं तोंड रुंद, त्यामुळे धार न होता पाणी पसरतं. समोरासमोरच्या काचांवर चुंबकाने बसवले, वेग आलटून पालटून कमी-जास्त होतो आणि दोन्ही प्रवाह मध्ये भेटून विस्कटतात. मला हवा होता तो हाच गोंधळ.

आणखी एक कारण होतं. हे पंप कमी दाबाच्या विजेवर चालतात, म्हणून 12 व्होल्टची बॅटरी जोडता येते. इथे वीज क्वचितच जाते, पण कोकणात वाढलेल्या माणसाला विजेचा भरवसा वाटत नाही. पाणी थांबलं तर भरलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांतच उतरू लागतो. दिवे बंद राहिले तरी प्रवाळ एक-दोन दिवस काढतो, पाणी थांबलेलं त्याला चालत नाही. बॅटरीसाठी वेगळे पैसे मोजताना मी म्हणूनच अजिबात घासाघीस केली नाही.

पंप लावल्यावर चिमूटभर गोठवलेलं खाद्य सोडायचं आणि कण कुठे फिरतात, कुठे बसतात ते पाहायचं. माझ्याकडे उजव्या कोपऱ्यात खडकामागे ते बसत होते. उजवा पंप बोटभर वर घेऊन किंचित आत वळवला, तेव्हा तिथली घाण उठून गाळणीकडे जाऊ लागली. अ‍ॅक्रोपोराचा तुकडा आता डाव्या बाजूला, वरच्या खडकावर लावायचा आहे. पाणी सगळ्यात जास्त तिथेच विस्कटतं.