दहा अपवाद

2004 साली बीएमएमला, म्हणजे मास मीडियाच्या पदवीला, प्रवेश घेतला, तेव्हा पत्रकार व्हायला वर्गात बसावं लागतं असं मला मुळीच वाटत नव्हतं. पहिल्याच वर्षी अभ्यासक्रमात संवादशास्त्राचा अभ्यासक लासवेल भेटला. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, हे त्याचं 1948 सालचं सूत्र. चौकोन आणि बाण काढून मी ते पेपरात उतरवलं आणि विसरले. 75 टक्के हजेरीची अट आम्ही डॉक्टरच्या दाखल्यांवर आणि फेस्टच्या कामावर भागवत असू. नोट्स मिळत फाटकासमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे. कोणत्या विषयाला कोणत्या वर्षीच्या नोट्स चालतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर 2005 मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा लागू झाला. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आमच्या लेखी तो परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता. एखादा अर्ज टाकून बघावा, असं काही मनात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी जाहिरात की पत्रकारिता हे निवडायचं असे. मी पत्रकारिता घेतली. गटाने वर्तमानपत्र काढायचं, हा त्यातला मोठा प्रकल्प. आमचं चार पानी होतं आणि शेवटचं मराठी पान माझ्याकडे होतं. कॉलेजमागच्या वस्तीतलं पैसे देऊन वापरायचं शौचालय सारखं बंद असे. बायका वैतागल्या होत्या. विषय चांगला होता. कंत्राट कुणाचं, हे पालिकेला विचारता आलं असतं. पण तीस दिवस थांबले असते तर सबमिशनची तारीख गेली असती. म्हणून मी चहाच्या टपरीवर विचारलं. टपरीवाल्याने एक आडनाव सांगितलं, दुकानदार आहे म्हणाला आणि माजी नगरसेवकाचं नातं जोडून दिलं.

ते आडनाव झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवर होतं. मी जाऊन पाटीवरून पूर्ण नाव उतरवून घेतलं. माझ्या पत्रकारितेतली ही पहिली पडताळणी.

काकांना विचारलं का नाही? गटाला मी सांगितलं, की विचारलं तर ते सावध होतील. खरं कारण वेगळं होतं. ते नाही म्हणाले असते, तर माझी बातमी गेली असती.

भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मधले बदनामीचे दहाही अपवाद तेव्हा मला तोंडपाठ होते, अगदी क्रमाने. माझी बातमी त्यातल्या एकातही बसत नव्हती.

अंक कॉलेजच्या आवारातच राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. माजी नगरसेवकाच्या विरोधकांनी शेवटच्या पानाच्या प्रती काढून वस्तीत वाटल्या. काका प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले, तेव्हा त्यांच्या हातात त्यातलीच एक प्रत होती. आवाज त्यांनी चढवला नाही. "पोरी, रोज येतेस ना गं दुकानात? विचारायचं होतंस की," एवढंच म्हणाले. वस्तीतल्या बायका दुकानासमोर उभ्या राहून त्यांना बोलून जात होत्या. कॉलेजची पोरं उधारी बुडवून वर सुनावत होती.

अंक मागे घेतला. गटातल्या सगळ्यांचे गुण कापले गेले. क्वार्कवर रात्र रात्र बसून पानं लावणाऱ्या मैत्रिणीचा त्या बातमीशी काही संबंध नव्हता; तिचेही गेले. ती नंतर जाहिरातीत गेली आणि माझ्याशी बोलायची थांबली. खुलासा छापायला दुसरा अंक नव्हताच. प्रकल्प एका अंकाचा होता. मी काकांची तोंडी माफी मागितली. "ठीक आहे," ते म्हणाले. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत मी स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स काढायला जायची. दहा मिनिटं जास्त चालावं लागे, पण त्या पाटीखाली उभं राहण्यापेक्षा बरं वाटे.

आता मी एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर आहे. बीएमएमचं नाव बदललं आहे आणि कलम 499 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या 356 ने घेतली आहे. इंटर्न मुलं कॉपी घेऊन येतात, मी "समोरच्याची बाजू घेतली का?" विचारते. बहुतेक वेळा उत्तर येतं, "मेसेज टाकलाय मॅम." मी त्यांना फोन लावायला लावते. मुलांना हा माझा खाक्या वाटतो.

नोकरी लागल्यावर मी त्या शौचालयासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला होता. फार उशिरा केला, ते सोडा. आडनाव एकच असल्यामुळे गल्लत झाली, अशी मी तोवर स्वतःची समजूत घातली होती. मुदतीत उत्तर आलं. कंत्राट दुसऱ्याच वॉर्डातल्या एका संस्थेकडे होतं. माजी नगरसेवकाच्या नात्यातलं त्यात कुणीच नव्हतं, त्या आडनावाचंही कुणी नव्हतं. नुसतं नाव चुकलं नव्हतं, बातमीच खोटी होती.