निकालानंतरचा न्यायाधीश

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या युद्धगुन्हे खटल्याचा विषय निघाला की आपल्याकडे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. सगळे आरोपी निर्दोष आहेत असं सांगणारं हजाराहून अधिक पानांचं निकालपत्र त्यांनी लिहिलं. २०१६ साली या खटल्यावर मालिका आली, तेव्हा इरफान खान यांनी पाल यांची भूमिका केली. पाल यांच्याबद्दल वाचत असताना त्याच खंडपीठावरचे एक डच न्यायाधीश मला भेटले आणि हळूहळू मनात घर करून बसले. त्यांचं नाव बर्ट रोलिंग.

रोलिंग यांचा जन्म १९०६ सालचा. त्यांचं शिक्षण कायद्याचं आणि ओढ फौजदारी कायद्याकडे. १९३४ साली विलेम पोंपे यांच्यासोबत त्यांनी उत्रेख्तमध्ये गुन्हेगारीशास्त्राची संस्था उभारली. पुढे ते न्यायाधीश झाले, आणि १९४६ साली नेदरलँड्स सरकारने त्यांना टोकियोला पाठवलं तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठलेली नव्हती. आंतरराष्ट्रीय कायदा हा त्यांचा मूळ विषय नव्हता. समोर उभा असलेला माणूस नेमका कशासाठी दोषी आहे आणि त्याला शिक्षा का द्यायची, हे विचारण्याची फौजदारी न्यायाधीशाची सवय मात्र ते सोबत घेऊन गेले.

टोकियोच्या इचिगाया भागात, जपानी लष्कराच्या जुन्या इमारतीत, ३ मे १९४६ रोजी खटला सुरू झाला. आरोपी २८, न्यायाधीश ११. अकराही न्यायाधीश जपानविरुद्धच्या बाजूच्या देशांतले होते, तटस्थ देशाचा एकही नाही. सम्राटावर खटला नव्हता आणि हिरोशिमा-नागासाकीचा हिशेब त्या न्यायालयाने मागायचा नव्हता. नेदरलँड्सला तिथे जागा मिळाली, कारण १९४२ साली जपानने डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जिंकून घेतला होता. आक्रमणाबद्दल जपानी नेत्यांचा न्याय होत असतानाच डच सैन्य इंडोनेशियाने जाहीर केलेलं स्वातंत्र्य मोडायला उतरलं, आधी १९४७ मध्ये आणि पुन्हा १९ डिसेंबर १९४८ रोजी. त्यानंतर चारच दिवसांनी, २३ डिसेंबरला, टोकियोत सात जणांना फाशी झाली. आपल्याच देशाच्या वागण्याची ही सावली अंगावर असताना न्यायासनावर बसणं किती जड गेलं असेल, हे त्या तारखा शेजारी ठेवल्या की जाणवतं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताचा निकाल आला. खटल्याच्या काळात दोन आरोपी मरण पावले होते, एकाला मानसिक आजारामुळे वगळलं होतं. उरलेले पंचवीसही दोषी ठरले. रोलिंग यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं. हाता, हिरोता, किदो, शिगेमित्सू आणि तोगो या पाच जणांना सोडायला हवं, असं त्यांचं मत होतं. युद्ध सुरू होण्याआधी ‘शांततेविरुद्धचा गुन्हा’, म्हणजे आक्रमक युद्ध छेडणं, हा खऱ्या अर्थाने गुन्हा मानला गेलेलाच नव्हता, १९२८ च्या केलॉग-ब्रियां कराराने युद्ध त्याज्य ठरवलं तरी व्यक्तीला शिक्षा ठरवली नव्हती, असं त्यांनी मांडलं. विजेत्यांना धोकादायक माणसांना बंदिवासात ठेवता येईल, पण केवळ युद्ध पुकारलं म्हणून कुणाला फासावर चढवता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

कोकी हिरोता यांच्या बाबतीत हा फरक जिवावरचा होता. फाशी गेलेल्या सातांपैकी ते एकटेच बिगर-लष्करी. चीनमधल्या नानजिंगमध्ये जपानी सैन्याने कत्तल केली तेव्हा ते परराष्ट्रमंत्री होते. अत्याचारांच्या बातम्या आल्यावर त्यांनी लष्करी मंत्रालयाकडे विचारणा केली आणि मिळालेल्या आश्वासनावर ते थांबले. मंत्रिमंडळात त्यांनी आग्रह धरायला हवा होता, असं बहुमताने म्हटलं. रोलिंग यांनी प्रश्न वेगळे विचारले. या माणसाला माहीत होतं का? थांबवण्याची सत्ता त्याच्या हातात होती का? थांबवणं हे त्याचं कर्तव्य होतं का? सैन्यावर ज्याचा हुकूम चालत नव्हता त्याला सैन्याच्या पापासाठी फाशी देता येणार नाही, हे त्यांचं उत्तर.

पण रोलिंग म्हणजे दयाळू न्यायाधीश, एवढ्यावर थांबलो तर त्यांच्यावर अन्याय होईल. बहुमताने ज्यांना जन्मठेप दिली त्यातल्या ओका, सातो आणि शिमादा या तिघांना युद्धगुन्ह्यांसाठी मृत्युदंड द्यायला हवा होता, असं त्यांचं मत होतं. काहींना सोडा म्हणणारा आणि काहींना अधिक कठोर शिक्षा द्या म्हणणारा हा न्यायाधीश कोणत्याच पक्षाला सोयीचा नव्हता. पाल यांचा निर्णय वासाहतिक जगाच्या ढोंगावर बोट ठेवतो आणि त्याचं मोल मोठं आहे. बहुमताचा निर्णय बळींच्या वेदनेला उत्तर देऊ पाहतो, तेही मोलाचं आहे. रोलिंग मात्र पंचवीस माणसांकडे पंचवीस वेळा पाहतात. मला हे पाहणं सगळ्यांत अवघड वाटतं, कारण त्यात कोणत्याही मोठ्या घोषणेचा आधार मिळत नाही.

त्यांनी बहुमतासोबत जावं अशी डच सरकारची इच्छा होती. रोलिंग वाकले नाहीत. सरकारने नेमलं म्हणून न्यायाधीश सरकारचा प्रतिनिधी होत नाही, ही साधी गोष्ट त्यांनी किंमत देऊन जपली.

त्यांच्या आयुष्याचा मला सर्वांत भावणारा भाग यानंतर सुरू होतो. मायदेशी परतून ते ग्रोनिंगन विद्यापीठात प्राध्यापक झाले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डच शिष्टमंडळातून जाऊ लागले आणि आक्रमण म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या शोधण्याच्या कामातही सहभागी झाले. टोकियोत ज्या प्रश्नाला कायद्याकडे पक्कं उत्तर नव्हतं, त्याचंच उत्तर आता ते घडवायला बसले होते. पश्चिम न्यू गिनीवरचा डच ताबा सोडण्याविषयी त्यांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत मांडलं आणि शिष्टमंडळातली जागा गमावली. १९६० च्या त्यांच्या पुस्तकाचा विषय हाच होता, की युरोपच्या काही राष्ट्रांनी आपल्या सोयीने रचलेला आंतरराष्ट्रीय कायदा नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांसाठी न्याय्य कसा होईल.

१९६२ साली त्यांनी ग्रोनिंगनमध्ये युद्धाची कारणं अभ्यासणारी संस्था सुरू केली. १९६५ मध्ये शांतता-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली परिषद त्याच शहरात भरली आणि रोलिंग त्या संघटनेचे सरचिटणीस झाले. १९३४ मध्ये गुन्हा का घडतो हे विचारणारा तरुण अभ्यासक आता युद्ध का घडतं हे विचारत होता. गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे गुन्हा संपला, असं त्याने तेव्हाही मानलं नव्हतं. अण्वस्त्रांच्या काळात तर शिक्षा द्यायला आणि घ्यायला कुणी उरेल की नाही, हीच शंका होती.

टोकियोत मतभेदाची निकालपत्रं न्यायालयात वाचली गेली नव्हती. १९७७ साली रोलिंग यांनी सहसंपादक रुटर यांच्यासोबत बहुमताचा निकाल आणि सगळी भिन्न मतं एकत्र छापून आणली. स्वतःला न पटलेला निकालही त्यांनी तितक्याच काळजीने वाचकांपुढे ठेवला. जपानच्या जैविक अस्त्रांच्या प्रयोगांची माहिती अमेरिकेने टोकियोच्या न्यायालयापासून दडवली, हे उशिरा कळल्यावर ते व्यथित झाले. तरीही खटला वाया गेला असं त्यांनी म्हटलं नाही. युद्धाला गुन्हा ठरवण्याच्या वाटेवरचं ते सदोष पण खरं पाऊल आहे, असं ते मानत राहिले. १९८५ साली त्यांचं निधन झालं.

आपण न्यायाधीशाकडून वादाचा शेवट मागतो, आणि तो मागायलाही हवा. पण जिथे कायदाच अपुरा असतो तिथे निकाल लिहून कर्तव्य संपत नाही, ही रोलिंग यांची शिकवण मी मानतो. भिन्न मत लिहायला धैर्य लागतं. त्या मताने उभा केलेला प्रश्न पुढची पस्तीस वर्षं वर्गात, सभांत, पुस्तकांत पाठीवर वागवायला निष्ठा लागते. विजेत्यांचाच न्याय चालतो हे म्हणणं आज फार सोपं झालं आहे, कारण ते बरेचदा खरं असतं. ते ओळखूनही न्याय अधिक न्याय्य करण्याच्या कामाला लागणं, हीच मला या प्राध्यापक-न्यायाधीशाची खरी कारकीर्द वाटते.