चुकवलेली तालीम

व्यायामाविषयी माझे मत लहानपणापासून फार चांगले आहे. तो इतरांनी करावा, असे मला मनापासून वाटत आले आहे! चाकूरला असताना वडील मला पहाटे तालमीत धाडीत. मी देवळाच्या ओट्यावर झोप पुरी करून, अंगाला थोडी माती फासून घरी परते.

पण साठी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर वाढली आणि चहातली बंद झाली. मुलाने पुण्याच्या घरी माझ्यासाठी एक ‘पर्सनल ट्रेनर’ नेमला. तासावर पैसे ठरले.

पहिल्याच दिवशी मी ईर्षेने बैठका काढू लागलो. तो म्हणाला, “काका, कशाला मोजूलालाव? थांबा की!” ते ‘लालाव’ ऐकून मी थांबलोच. स्वारी लातूरकडची खास! चौकशीअंती थेट चाकूरचीच निघाली.

बाप दुसऱ्याच्या शेतात राबणारा. घरच्या एकुलत्या म्हशीचे दूध न विकता त्याने पोराला पाजले. लातूर जिल्ह्यातल्याच रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७७ साली बेळगावला त्यांनी सतपालला चीत केले, पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवली. तेच स्वप्न या घरातही होते. बाविसाव्या वर्षी पोराचा उजवा खांदा कायमचा गेला.

“आदल्या दिवशीच दुखत होता, काका. पण जोर कमी काढले तर लोक हसतील, म्हणून पुरे काढले.”

म्हणूनच तो आकडा मोजत नाही, दम मोजतो. आधी सांधे मोकळे करायचे, मग हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, चार संथ सूर्यनमस्कार. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. जेवणानंतर दहा मिनिटे चालायचे. मात्र खाडा नाही. पंचवीस मिनिटांत सारे आटोपते.

“पैसे तासाचे आणि पंचवीस मिनिटांत पळतोस?” सौभाग्यवतींनी विचारलेच.

“काकू, औषधाची बाटली कुणी एकदम पितं का?”

सौभाग्यवती निरुत्तर झाल्याचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

चार महिन्यांनी मी त्याच्यासह पर्वती चढलो, कठड्याला हात न लावता. वर पोचल्यावर आनंदाने टाळीसाठी हात उंच केला. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर येईना. तो ओशाळून हसला.

मी माझा हात खाली आणला आणि टाळी दिली.