२३ मिनिटांचं बिल

घरून फोन आला की प्रश्न ठरलेला, "तिकडे म्हाताऱ्यांचं सगळं सरकारच बघतं ना गं?" बघतं आणि नाहीही. इंग्लंडात घरी जाऊन आंघोळ घालणं, जेवण देणं, गोळ्या देणं ही कामं बहुतेक खाजगी संस्था करतात. ज्यांना सरकारी मदत मिळते त्यांच्यासाठी कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका समजा, ती सेवा विकत घेते. अशाच एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बघते.

गोची अशी की काही कौन्सिलं मिनिटांवर पैसे देतात. आजोबा एखाद्या दिवशी २३ मिनिटांत आटोपले, की बिल २३ मिनिटांचंच. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ मात्र किमान वेतनात धरावाच लागतो. साधारणपणे भेट अर्ध्या तासाहून कमी नको, असं नाइस या संस्थेने २०१५ मध्येच सांगून ठेवलंय. पण दर परवडला तर ना!

कौन्सिलवाले संशयी का, हेही समजतं. पैसा लोकांचा. शिवाय २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही सुमारे ७५० वृद्धनिवास चालवणारी कंपनी कोसळली, तेव्हा तिथल्या ३१ हजार माणसांचं काय करायचं म्हणून सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

२०२२ मध्ये सरकारने कौन्सिलांना सेवेचा खरा खर्च काढायला लावला. आम्ही रात्री जागून आकडे दिले. ज्या सुधारणेच्या तयारीसाठी हे चाललं होतं ती आधी २०२५ वर ढकलली आणि २०२४ मध्ये चक्क रद्द झाली. त्यानंतर कुणी "आकडे द्या" म्हटलं की आमच्या मालकीणबाई नुसत्या हसतात.

तरी गेल्या वर्षी एक बरी गोष्ट घडली. कौन्सिलच्या नव्या अधिकारी बाई आमच्या एका मुलीबरोबर दिवसभर घरोघरी फिरल्या. मग ठरलं : पैसे ठरवलेल्या तासांचे मिळतील, आणि चुकलेल्या किंवा उशिरा झालेल्या भेटींची यादी दर महिन्याला आम्ही आपणहून देऊ. पहिली यादी पाठवताना मालकीणबाईंचा हात थरथरत होता. दंड झाला नाही. "या गल्लीत वेळ का कमी पडतो?" एवढंच विचारणारा फोन आला.

दर काही वाढलेला नाही हं. एप्रिलमध्ये किमान वेतन वाढलं की खरी परीक्षा. पण यादी आम्ही पाठवतोय, आणि पलीकडे ती कुणीतरी वाचतंय. सध्या एवढंच.